जुनी साडी, नवं कपाट : ऑनलाइन विक्रीबद्दल वाचकांचे प्रश्न

पूर्वी बोहारीण दारात यायची. साडी उजेडात धरायची, काठ ओढून बघायची, शर्टाची कॉलर उलटी करायची आणि मगच पातेलं पुढे सरकवायची. फोनवर कपडा घेणाऱ्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. त्यामुळे बोहारणीचे हात जे तपासायचे, ते विकणाऱ्यानेच तपासून, मोजून, फोटो काढून समोर ठेवावं लागतं. या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांमधली अडचण इथेच आहे.

प्रश्न : सासूबाईंची चाळीसेक वर्षांपूर्वीची पैठणी आहे. मुली नेसत नाहीत. जुनी जर घेणारा वजनावर पैसे देतो म्हणतो. त्यापेक्षा ऑनलाइन विकावी का? खरी आहे हे समोरच्याला कसं पटवायचं? (नाशिक)

उत्तर : जरवाल्याला इतक्यात देऊ नका. तो साडी जाळून जरीतली चांदी काढतो. विणकराचे महिनोन् महिने त्या भट्टीत जातात आणि तुमच्या हाती फक्त धातूची किंमत येते. त्याने सांगितलेला भाव मात्र लिहून ठेवा. त्याच्या खाली जायचं नाही, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

पहिली तपासणी जीव शिल्लक आहे की नाही याची. साडी पूर्ण उलगडा आणि जुन्या घडीच्या रेषेवर दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून हलकेच ताणा. रेशीम विरलं असेल तर बारीक ‘चर्र’ आवाज येतो किंवा धागे सरकून फट दिसते. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी आधी तिथेच जाते. असं असेल तर ती नेसण्यासाठी विकू नका. ‘अंग विरलेले, काठ-पदर सुस्थितीत’ असं स्वच्छ लिहा. काठ-पदर काढून ओढणी, कुंची किंवा दुसऱ्या साडीला लावणारे लोक अशा साड्या आवर्जून शोधत असतात.

दुसरी तपासणी रेशमाची. नेसताना जो भाग आत खोचला जातो त्या टोकाचे दोन-तीन धागे काढा. चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ते विझतं आणि उरलेली काळी राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस समजा.

तिसरी तपासणी जरीची. पदराच्या टोकाला जरीचा सुटा धागा असेल तर सुईने अगदी हलकं खरवडा. खालून तांबूस धातू दिसला तर तांब्याची, म्हणजे ‘टेस्टेड’ जर. पांढरा दिसला तर चांदीची. आणि चकचकीत पापुद्रा निघाला तर प्लॅस्टिकची.

विणकामासाठी पदर उलटा करा. हाताने एकेक रंग गुंफून विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते. मोर किंवा मुनिया (पोपटाची नक्षी) मागूनही तशीच दिसते. मागे लांब लोंबते किंवा कापलेले धागे असतील तर ती जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उचलणाऱ्या मागावर विणलेली आहे. तीही शुद्ध रेशमाची असू शकते, पण हाताने गुंफलेल्या पदराची किंमत तिला सांगू नका. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शुद्ध रेशमाची खात्री देणारी सिल्क मार्कची चिठ्ठी २००४ नंतरची. तुमच्या साडीवर यातलं काहीच नसणार, म्हणून घाबरू नका. पदराच्या उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो हाच तुमचा दाखला. जळलेल्या धाग्याची राख बोटात चुरगळताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढलात तर निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

किंमत ठरवताना आज तशाच विणीची, तेवढ्याच पदराची नवी पैठणी येवल्यात किंवा पैठणला कितीला मिळते ते दोन-तीन ठिकाणी विचारा. घडी धड असेल, डाग नसेल तर तिच्या निम्म्यापर्यंत मागायला हरकत नाही. काठ-पदराची जर काळी पडली असेल तर एक तृतीयांश. आणि विकण्याआधी घाईने रोल प्रेस करून घेऊ नका. कमकुवत घडी त्या रुळाखाली फाटते.

प्रश्न : पाच कुर्ते विकले, त्यातले तीन ‘घट्ट होतात’ म्हणून परत आले. लेबलवर एल होतं आणि मीही एलच लिहिलं होतं. (कोथरूड, पुणे)

उत्तर : लेबलचा एल कोणाचाच खरा नसतो. एका कंपनीचा एल म्हणजे छाती ३८, दुसरीचा ४२. त्यात धुवून कुर्ता आवळलेला असतो किंवा तुम्ही टेलरकडून आत घेतलेला असतो आणि ते विसरलेलं असतं. अंगाची मापं सांगायची नाहीत, कपड्याची सांगायची.

कुर्ता इस्त्री करून फरशीवर सपाट पसरा. काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजा. १९ इंच भरले तर छातीचा घेर ३८, म्हणजे हा कुर्ता ३६ छातीला मोकळा बसतो. मग कंबर, चिराच्या सुरुवातीला हिपचा घेर, खांदा, बाहीची लांबी, दंडाचा घेर आणि खांद्यापासून खालपर्यंत उंची. दंडाचा घेर बहुतेक जण लिहीत नाहीत आणि परत येणाऱ्या कपड्यांत तीच तक्रार वारंवार असते. टेप कापडाचा, वर्षानुवर्षं वापरलेला असेल तर तो स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून बघा. ताणलेल्या टेपवर इंच मोठा झालेला असतो, म्हणून माप खरं असेल त्यापेक्षा कमी भरतं.

ब्लाउजचा हिशेब वेगळा. तो अंगाबरोबर शिवलेला असतो, त्यामुळे अर्ध्या इंचानेही फरक पडतो. छाती, कमरेचा घेर, उंची, मुंढा, पुढचा-मागचा गळा, हुक पुढे की मागे, पॅड आहेत की नाहीत, हे सगळं लिहा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आतली माया, शिवणीत जादा सोडलेलं कापड. ब्लाउज उलटा करून दोन्ही बाजूंना किती माया सोडली आहे ते मोजा आणि त्याचा फोटो टाका. ‘छाती ३४, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया’ असं वाचलं की घेणारीला लगेच कळतं की उसवून ३६ होईल. मागच्या अर्ध्या भागातही माया असेल तर ३८ पर्यंत जातं.

जीन्सला कमर, हिप, मांडी आणि आतली शिवण. साडीला लांबी, पन्हा (रुंदी), ब्लाउजपीस जोडलेलं आहे की कापलेलं, फॉल-पिको झालं आहे का. साडेपाच मीटरची सहावारी आणि सव्वाआठ मीटरच्या आसपासची नऊवारी यांत गोंधळ होऊ नये म्हणून मीटरमध्ये लिहा.

प्रश्न : जांभळी साडी पाठवली, ती ‘निळी आली’ म्हणतात. फोटो तर नवीन फोनचा होता. (ठाणे)

उत्तर : फोन नवा असल्यानेच जास्त फसवतो, कारण तो स्वतःहून रंग ‘सुधारतो’. जांभळा, राणी, बाटली हिरवा आणि मोरपिशी हे चार रंग फोनला नीट जमत नाहीत. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी फोटो काढा. घरातला बल्ब बंद, फ्लॅश बंद, फिल्टर नाही. कपड्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर कपड्याचा रंगही तेवढाच चुकलेला आहे, फोटो पुन्हा काढा. वर्णनात रंग ओळखीच्या वस्तूवरून सांगा : वांग्याच्या सालीसारखा, जांभळाच्या गरासारखा, आमसुली. मराठी बायकांना ‘आमसुली’ म्हटलं की रंग डोळ्यांपुढे येतो, ‘पर्पल’ म्हटलं की दहा रंग येतात.

प्रश्न : लग्नातले कपडे विकायचे आहेत, पण हळदीचे डाग आहेत. काही साड्यांना डांबरगोळ्यांचा वास जात नाही. (सांगली)

उत्तर : आधी हळद. सुती आणि फिक्या कपड्यावरचा डाग बहुतेक वेळा जातो. साध्या पाण्यात भिजवून सौम्य पातळ साबण लावा. डाग एकदम लाल होईल. हळदीतला रंग क्षारयुक्त साबणाला असाच दाद देतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. भरपूर पाण्याने साबण काढा, शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला आणि ओला कपडा कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दोन-तीन दिवस रोज ओला करून उन्हात टाकला की डाग उडतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, ऊन नसलं तर नुसता कुबट वास लागेल.

रेशमी किंवा गडद रंगाच्या कपड्याला हे करायचं नाही, कारण ऊन हळदीबरोबर कपड्याचा रंगही उडवतं. तो ड्रायक्लीनला द्या आणि देताना ‘हळद आहे’ असं तोंडाने सांगा, डागाभोवती दोऱ्याची खूण करा. काहीही न सांगता दिलेला कपडा सरसकट धुतला जातो. काखेतले पिवळे, कडक झालेले डाग रेशमावरून निघत नाहीत. त्यासाठी पैसे घालवू नका, फोटो काढून दाखवा आणि किंमत उतरवा.

डांबरगोळीच्या वासाला एकच उपाय आहे, हवा. साडी उलटी करून वारा लागेल अशा सावलीच्या जागी तीन-चार दिवस दोरीवर सोडा. रोज घडी बदला. वर अत्तर किंवा परफ्यूम मारू नका. त्याचा डाग पडतो, जर काळवंडते आणि दोन वासांचं मिश्रण पाकिटातून बाहेर पडतं ते वेगळंच. पुढच्या वेळी मलमलीच्या फडक्यात साडी बांधा आणि शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

प्रश्न : ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, बायकोसाठी लेहंगा हवा’ असं म्हणत एकाने घासाघीस न करता पूर्ण पैसे कबूल केले आणि क्यूआर कोड पाठवला. ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ मला शंका आली म्हणून थांबले. (कोल्हापूर)

उत्तर : थांबलात हे फार बरं केलंत. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठल्या लिंकवर जावं लागत नाही. समोरच्याने पाठवलेल्या कोडवर पिन टाकला की पैसे जातातच. हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा, कारण जाहिरातीवर नंबर बऱ्याचदा त्यांचा असतो. गणवेश, ओळखपत्राचा फोटो, ‘साहेब’ म्हणून बोलणारा दुसरा माणूस, हा सगळा विश्वास बसवण्याचा देखावा असतो. वस्तूबद्दल एकही प्रश्न न विचारता पूर्ण किंमत कबूल करणं, ही पहिली खूण. खरा घेणारा माप विचारतो आणि पन्नास रुपये तरी कमी करायला लावतो.

दुसरा प्रकार म्हणजे ‘चुकून पाच हजारांऐवजी पन्नास हजार पाठवले, वरचे परत करा.’ सोबत पैसे जमा झाल्याचा मेसेज असतो, तो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. मेसेजवर किंवा स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतःची शिल्लक बघा आणि मगच पार्सल बांधा. ‘मदत करतो’ म्हणून तुमची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं अ‍ॅप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा.

पैसे गेलेच तर लाजून बसू नका. त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात, उशीर झाला तर नाही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार आणि बँकेला कळवणं.

प्रश्न : लेहंगा चार किलोचा, कुरिअरने आठ किलोचे पैसे घेतले. फसवलं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फसवलेलं नाही, खोक्याने खाल्लं. कुरिअरवाले खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचं वजनही काढतात : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. तुमचं खोकं ५० बाय ४० बाय २० असेल तर ४०,००० भागिले ५०००, म्हणजे आठ किलो. तोच लेहंगा दाबून १० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसवला असता तर चार किलो झाले असते.

जागा खातो तो घागरा फुगवणारा आतला कॅनकॅन. त्याची जाळी एकावर एक सपाट करून घागरा कळ्यांच्या रेषेत पंख्यासारखा मिटा, भरतकाम आतल्या बाजूला घ्या, थरांमध्ये मलमल किंवा बटर पेपर घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिक्या कापडावर उतरते. जरदोसीवर हवा काढून घेणारी प्लॅस्टिकची पिशवीही नको, टिकल्या आणि तारा वाकतात. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद करा आणि मग खोक्यात ठेवा. जुलैमध्ये टेम्पोतून जाणारं खोकं भिजतंच, असं धरूनच बांधा. दोघांची नावं, पत्ते आणि फोन लिहिलेला एक कागद आतही टाका, बाहेरची चिठ्ठी निघाली तर तोच उपयोगी पडतो.

बाकी अंदाजासाठी : कुर्ता अडीचशे-तीनशे ग्रॅम, सुती साडी चारशे-पाचशे, काठपदराची रेशमी साडी सहाशे ते नऊशे. महागडी वस्तू असेल तर खरी किंमत लिहून विमा घ्या, पोस्टातही ती सोय आहे. आणि एक व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता : उघडी वस्तू, तिचे डाग, घडी, पाकीट, चिकटपट्टी, वजनकाट्यावरचा आकडा, पत्ता. ‘फाटकी आली’ असा वाद झाला तर दुसरा पुरावा नसतो. घेणारीलाही पाकीट उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, हे जाहिरातीतच लिहा. घरगुती विक्रीत ‘वस्तू आल्यावर पैसे’ मान्य करू नका. दारातून परत आलेल्या पार्सलचं जाणं-येणं दोन्ही तुमच्या खिशातून जातं.

प्रश्न : कपाटातली पर्स काढली तर वरचा थर सोलला जातोय. दुरुस्त करून विकता येईल का? दुसरी एक नामवंत कंपनीची ‘फर्स्ट कॉपी’ (हुबेहूब नक्कल) आहे, ती तसं लिहून विकली तर चालेल? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्हींना नाही. पहिली खऱ्या चामड्याची नाही, कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेली आहे. दमट हवेत पाण्याचा अंश तो थर आतून तोडतो, म्हणून कोकणात अशा पर्सा वापरल्या नाहीत तरी सोलतात. पॉलिश, गोंद, रंग काहीही टिकत नाही. अजून सोललेली नसेल, पण पट्ट्याच्या मुळाशी वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा अस्तर बोटाला चिकटत असेल, तरीही विकू नका. पुढच्या घरी महिन्याभरात तेच होईल. खऱ्या चामड्यावर बुरशी आली असेल तर मात्र ती वाचते : घराबाहेर कोरड्या ब्रशने झटका, समप्रमाणात पाणी-व्हिनेगरच्या जेमतेम ओल्या फडक्याने पुसा, एक दिवस सावलीत वाळवा, मग चामड्याचं क्रीम लावा. स्वेडला, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याला पाणी लावू नका.

फर्स्ट कॉपी असं लिहून विकल्याने ती कायदेशीर होत नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ प्रमाणे खोटं चिन्ह असलेला माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. जुन्या घरांतून निघणाऱ्या आणखी तीन गोष्टी विकायला ठेवू नका : हस्तिदंती बांगड्या, सापाच्या कातड्याची पर्स आणि चिरू हरणाच्या लोकरीची शाहतूश शाल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो, वस्तू आजीची असली तरी.

प्रश्न : ठुशी, नथ, ऑक्साइडचे झुमके विकण्याआधी कसे स्वच्छ करायचे? (पणजी)

उत्तर : कानातल्यांच्या दांड्या स्पिरिटने पुसा, फक्त दांड्या. मोत्यांना स्पिरिट, व्हिनेगर, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका, त्यांची झळाळी कायमची जाते. नथ कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तार ढिली आहे का बघा, चापाची की भोकाची ते लिहा. ऑक्साइडचा काळेपणा हीच त्याची शोभा असते, घासून पांढरं करू नका. खरं सोनं मात्र ऑनलाइन अनोळखी माणसाला विकू नका, ते सराफाकडेच तपासून विका.

प्रश्न : एखादी वस्तू महिनोन् महिने पडून राहते. किंमत चुकते की वेळ? (लातूर)

उत्तर : बऱ्याचदा वेळ. काळी साडी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका, संक्रांतीला ती हवी असते. पंधरा तारखेनंतर तिला वर्षभर कोणी विचारत नाही. नवरात्राचे नऊ रंग जाहीर झाले की त्या रंगांच्या साध्या साड्याही जातात, पण पार्सल पोहोचायला आठ दिवस धरून तीन आठवडे आधी जाहिरात हवी. नऊवारी गुढीपाडव्याच्या आधी. लग्नाचे कपडे दिवाळी संपताच, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात.

किमतीबाबत : घेणारी तुमच्या बिलाशी तुलना करत नाही, आजच्या सेलमधल्या नव्या कपड्याशी करते. रोजच्या कुर्त्याला सेलच्या किमतीच्या चौथा ते तिसरा हिस्सा मिळाला तर द्या. एकदाच घातलेल्या लेहंग्याला तीस ते पन्नास टक्के. घासाघिशीसाठी दहा-पंधरा टक्के वर ठेवा आणि कुरिअर वेगळं की धरून ते पहिल्याच ओळीत लिहा. शंभर-दीडशे रुपयांचे लहान मुलांचे कपडे एकेक विकू नका, कुरिअरच जास्त होतं. एका वयाचे पाच-सहा कपडे उंचीच्या मापासह एकत्र लावा. सुटलेली बटणं आधी शिवा, गळ्यातल्या नाड्या काढा.

प्रश्न : साड्या टाकल्या की ‘नेसून दाखवा’, ‘तुमचा फोटो पाठवा’ असे मेसेज येतात. विक्री बंद करावी वाटते. (नागपूर)

उत्तर : विक्री बंद करू नका, मेसेज बंद करा. उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीचं बटण दाबा, ब्लॉक करा. घेणारीला वस्तू अंगावर कशी दिसते हे कळायलाच हवं, तर पुतळ्यावर किंवा हँगरवर निऱ्या घालून फोटो काढा. लग्नाच्या अल्बममधला स्वतःचा फोटो टाकू नका, तो पुढे कुठेही फिरतो. विक्रीसाठी वेगळा नंबर ठेवा. फोटोत खिडकीबाहेरची इमारतीची पाटी, ब्लाउजवर टेलरने शिवलेली नाव-नंबरची चिठ्ठी दिसत नाही ना ते बघा. पर्सचे सगळे कप्पे रिकामे करा, अगदी अस्तराच्या फाटक्या भागातही बोट घाला. जुनी सिमकार्डं आणि औषधांच्या चिठ्ठ्या तिथे सापडतात. हातोहात द्यायचं असेल तर दुपारी, वर्दळीच्या दुकानासमोर, आणि कोणाला तरी बरोबर घेऊन.

प्रश्न : घरचे कपडे संपले. आता गठ्ठे विकत घेऊन इन्स्टाग्रामवर विकावे म्हणतो. कर लागतो का? (डोंबिवली)

उत्तर : इथे रेष ओलांडली जाते. स्वतःच्या वापराचे कपडे विकले तर आयकर कायद्याने ती वैयक्तिक वापराची वस्तू आहे, भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिन्यांना ही सूट नाही. पण विकण्यासाठी विकत घेतलं की तो व्यवसाय झाला आणि नफा उत्पन्नात दाखवावा लागतो. जीएसटीत महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला नोंदणीसाठी वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, मात्र परराज्यात माल पाठवला तर तिचा आधार धरता येत नाही. तेव्हा दुसऱ्या राज्यातली पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएला भेटा. त्यांना जुन्या मालासाठी असलेल्या, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याच्या पद्धतीबद्दल विचारा.

परदेशी वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे, परवाना लागतो. स्वस्त गठ्ठा कुठून आला हे विकणारा सांगत नसेल तर घेऊ नका. घ्यायचाच तर उघडून, वरचे नाही, मधले दहा कपडे काढून बघा. चांगला माल वरच्या थरात रचलेला असतो. न विकली जाणारी वस्तू, धुलाई आणि इस्त्री, या तीनही गोष्टी खर्चात धरल्यावर कपड्यामागे काय सुटतं ते कागदावर मांडा. पहिला गठ्ठा उधारीवर घेऊ नका.

प्रश्न : मी लंडनला असते. विंटेड या वापरलेले कपडे विकायच्या संकेतस्थळावर माझ्या साड्या विकल्यावर ‘तुमची माहिती कर खात्याला देऊ’ अशी सूचना आली. (लंडन)

उत्तर : जानेवारी २०२४ पासून तिथे वर्षात ३० किंवा अधिक वस्तू किंवा साधारण १,७०० पौंडांच्या वर विक्री झाली की संकेतस्थळाला ती माहिती द्यावी लागते. माहिती दिली म्हणजे कर लागला असं नाही. स्वतःच्या वापरलेल्या साड्या खरेदीपेक्षा कमी किमतीत विकता आहात, त्यावर काही भरायचं नाही. भारतातून आणून विकायला लागलात तर तो व्यापार, आणि त्याला वर्षाला १,००० पौंडांच्या एकूण विक्रीपर्यंत सूट आहे. तिथल्या घेणाऱ्यांना पैठणी म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून लांबी-पन्हा मीटरमध्ये लिहा, परकर आणि ब्लाउज लागतो हे सांगा आणि पदराच्या उलट बाजूचा फोटो त्यांनाही दाखवा.